कडेचं शिसं

आप्पांना गोल्फचा नाद लागला तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तोही नातवामुळे. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. जन्म रेवदंड्याचा, सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लेकीकडे खारघरला राहायला आले. सकाळी नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवायचं आणि तसंच डोंगराच्या कुशीत फिरायला जायचं, हा त्यांचा नेम. तिथेच सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. कुंपणापलीकडून एक पांढरा ठिपका सरळ वर चढला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि हिरवळीवर अलगद टेकला, ते पाहून आप्पा जागीच उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, “हा तर निखळ भूमितीचा खेळ आहे.”

जावईबापू तिथे खेळायला जायचेच. सासऱ्यांचा उत्साह बघून त्यांना इतका आनंद झाला की वाढदिवसाला त्यांनी आप्पांना आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठ्यांचा, नवाकोरा संच दिला. स्वतः वापरत होते अगदी तसाच. पातळ पात्याचा, आरशासारखा चकचकीत. त्याला ब्लेड म्हणतात. टीव्हीवर दिसणारे मोठमोठे खेळाडू हातात धरतात, त्या जातीचं हत्यार. आप्पा रात्री ती पाती मऊ फडक्याने पुसत बसायचे.

पण चेंडू काही उडेना. तीन महिने रोज सकाळी आप्पा सरावाच्या पट्टीवर जात होते. शंभरातला एखादा चेंडू पात्याच्या नेमक्या जागी बसायचा आणि लोण्यातून सुरी फिरावी तसा निघून जायचा. उरलेले नव्व्याण्णव उजवीकडे घरंगळत, नाहीतर पायाशीच टप्पे खात. थंडीत तर चेंडू पात्याच्या टोकाला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. आप्पांनी बोटांना पट्ट्या चिकटवल्या, वही घातली, रोजच्या चुका लिहून काढल्या. चूक आपल्याच अंगात आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

तिथे एक कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणारा, होता, जवळच्याच गावातला, विशीतला पोरगा. तो एकदा भीत भीत म्हणाला, “आप्पा, हे पातं तुमच्यासाठी नाय. माझ्या ओळखीचे एक साहेब जुना संच विकतायत. पिंगचा, आय-टू. मागून खोलगट असतो बघा, तो. चुकलं तरी सांभाळून घेतो.”

आप्पांचा चेहरा उतरला. “म्हातारा आहे म्हणून म्हातारी हत्यारं का रे?” एवढं बोलून त्यांनी बॅग उचलली. पोरगा ओशाळला. त्यानंतर आप्पा पट्टीवर गेलेच नाहीत.

मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची जत्रा असते. आप्पा गावी आले ते जत्रेच्या निमित्ताने, पण खरं म्हणजे मन रमवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे कुंडलिकेच्या खाडीवर गेलो. ओहोटी लागली होती. शेजारचे नाखवा गुडघाभर पाण्यात उभे राहून नातवाला पाग टाकायला शिकवत होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्याच्या पूर्ण घेरावर शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. निम्मं जाळं कोपरावर घ्यायचं, एक कड दातात धरायची, कमरेतून वळायचं आणि झोकून द्यायचं. नीट पडलं तर हवेतच तांदळाच्या भाकरीसारखं गोल होतं.

आप्पांना राहवेना. लेंगा वर खोचून ते पाण्यात उतरले आणि काठावर वाळत पडलेलं नाखवांचं स्वतःचं जाळं त्यांनी उचललं. मोठ्या घेराचं, बारीक सुताचं, कडेला अगदी मोजकं शिसं असलेलं. फेकलं. ते पिळलेल्या धोतरासारखं लांबटच्या लांबट पाण्यात पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच.

नाखवा हसले नाहीत. नातवाच्या हातातलं जाळं घेऊन त्यांनी आप्पांना दिलं. घेर लहान, पण कडेला शिसं दाट, एकाला एक लागून. “आप्पा, या जालानं टाका.”

या वेळीही आप्पांचा हात वाकडाच गेला, मला काठावरूनही तो दिसला. पण कडेचं शिसं चारी बाजूंनी बाहेर धावलं, आणि जाळं थोडं चेपलेलं का होईना, उघडलं. वर ओढलं तर त्यात दोन बोयटं तडफडत होती.

“तुमचं जाळं का नाही उघडलं?” आप्पांनी विचारलं.

“त्याला हात लागतो आप्पा, चाळीस वर्षांचा. पोराला पहिल्याच दिवशी माझं जाल दिलं तर तो उद्या दर्यावर यायचाच नाय. शिसं कडेला दाट असलं की हात चुकला तरी जाल आपलं आपण फाकतं. आधी त्याला मासळी मिळू दे. मग हात बसंल.”

आप्पा पाण्यातच उभे राहिले. ओल्या जाळ्याची कड त्यांनी हातात घेतली आणि जपमाळ ओढावी तशी एकेक गोळी बोटांखालून सरकवत राहिले. गणिताचा माणूस, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, “त्या पोराशी मी वाईट बोललो.”

खारघरला पोचल्यावर त्यांनी आधी त्या कॅडीला गाठलं आणि त्याची माफी मागितली, चारचौघांत. मग दोघे मिळून तो जुना संच बघायला गेले. पुढचं मला आप्पांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होतो असंच वाटतं. पोराने एकेक काठी खिडकीशी उजेडात धरली. शाफ्टवर, म्हणजे काठीच्या दांड्यावर, गंजाचे खड्डे पडलेत का? डोकं स्टेनलेस स्टीलचं असतं, ते टिकतं, पण आपल्या खाऱ्या हवेत शाफ्टचा मुलामा सुटतो. पात्यावरच्या खाचा पार झिजल्यात का? डोकं शाफ्टवर खिळखिळं तर नाही ना? शाफ्ट फार ताठ नको, साठीच्या मनगटाला थोडी लवचीक बरी. प्रत्येक डोक्यावर रंगाचा टिपका होता. काळा म्हणजे बेताच्या उंचीच्या माणसाला चालेल असा कोन, लाल म्हणजे जरा आडवा, निळा म्हणजे जरा उभा. आप्पांना काळा बसला. रबरी ग्रिप मात्र लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, त्या बदलून घेतल्या. दोन, तीन, चार या लांब नंबरांना पोराने हातच लावू दिला नाही. “हे घरीच ठेवा आप्पा. पाचपासून पुढचं घेऊन खेळा.”

हा संच बनवला कार्स्टन सोलहाइम या माणसाने. जन्म १९११, नॉर्वेचा. अमेरिकेत चपला-बूट दुरुस्त करत करत तो पुढे इंजिनिअर झाला आणि बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फ खेळला. हिरवळीवरचे छोटे फटके त्याला जमेनात. तेव्हा त्याने स्वतःला दोष देत बसण्याऐवजी काठीकडे पाहिलं. डोक्याच्या मधलं वजन काढून दोन्ही टोकांना नेलं तर चेंडू बाजूला लागूनही डोकं हातात कमी फिरेल, असा त्याचा हिशोब. १९५९ साली त्याने घरच्या गॅरेजमध्ये तसा पटर, म्हणजे त्या छोट्या फटक्यांची काठी, बनवला. चेंडूला लागला की तो ‘पिंग’ असा वाजे, तेच नाव पडलं. हीच युक्ती आयर्नला लावत तो १९८२ साली आय-टूपर्यंत आला. मागची बाजू खोलगट, वजन घेराला, तळ रुंद, म्हणजे काठी मातीत रुतत नाही. म्हाताऱ्यांचं हत्यार म्हणावं, तर १९८९ साली मार्क कॅल्कव्हेकिया ब्रिटिश ओपन जिंकला तेव्हा त्याच्या हातात हेच आयर्न होते.

सरावाच्या पट्टीवर आप्पांनी प्रयोग केला. दोन्ही सेव्हन आयर्नच्या पात्यांना टाल्कम पावडर चोळली आणि प्रत्येकाने दहा-दहा चेंडू मारले. पात्यांवर उमटलेले डाग पाहिले, तर ते जवळपास सारखेच विखुरलेले. चार टोकाकडे, तीन टाचेकडे, दोन खाली, मधोमध एखादाच. माणूस तोच, चुका त्याच. पण ब्लेडचे दहा चेंडू मैदानभर पांगले होते आणि जुन्या काठीचे सात एका अंगणात मावतील एवढ्या जागेत पडले होते. जुन्या सेव्हनला तिरपेपणा जास्त, आजच्या आठ-नऊ नंबरइतका, म्हणून अंतर थोडं कमी पडलं. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. वाकडा झोका काठी सरळ करत नाही, तो आपणच करायचा, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं. पण झिणझिण्या थांबल्या होत्या. त्या दिवशी ते दोन तास खेळले.

जावईबापूंना कसं सांगावं, हा प्रश्न उरला. भेट प्रेमाची होती. रविवारी दोघे बरोबर पट्टीवर गेले. जावईबापू शेजारी आपल्या ब्लेडने मारत होते, आणि त्यांचेही चेंडू उजवीकडे घरंगळत होते. इतके दिवस आप्पांनी ते पाहिलंच नव्हतं, स्वतःच्या पायापुढून नजर वर गेली तर ना. प्रत्येक फटक्यानंतर जावईबापू हळूच बोटं झटकत होते.

आप्पा काही बोलले नाहीत. एक चेंडू टीवर ठेवला, आपली जुनी सेव्हन आयर्न त्यांच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरले.

पहिला चेंडू वर चढला. जावईबापू तो पडेपर्यंत बघत राहिले. मग मागे न वळता पायाने दुसरा चेंडू पुढे ओढला. आप्पा कुंपणालगतच्या बाकावर बसले, थर्मासमधून दोन कपांत चहा ओतला आणि दुसरा कप झाकून ठेवला.