न मोजलेलं चित्र

एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाला एकच काम असतं: हलायचं नाही. कंबरदुखीनं बेजार झालेल्याला नेमकं तेच जमत नाही. लहान मुलांना तर अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. १९७७ साली रेमंड डमेडियन यांच्या यंत्रानं एका माणसाच्या छातीचं चित्र घेतलं, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले होते. आज गुडघ्याची तपासणी काही मिनिटांत होते. तरी ती आणखी झटपट व्हावी, ही इच्छा चैनीची नाही. यंत्र लवकर मोकळं झालं, की रांगेतला पुढचा माणूस लवकर आत जातो.

पण वेळ वाचतो कसा? शरीरातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत यंत्र ओळीओळीनं गोळा करतं आणि गणितानं त्यांचं चित्र बनवतं. ओळी कमी घेतल्या, की वेळ वाचतो; उरलेलं भरून काढावं लागतं. २०१८ साली फेसबुक आणि एनवाययू लँगोन यांच्या ‘फास्टएमआरआय’ प्रकल्पानं हे काम जुन्या तपासण्यांवरून शिकलेल्या संगणकाकडे सोपवलं. २०२० साली पाव माहितीतून बनवलेली गुडघ्याची चित्रं निदानासाठी नेहमीच्या चित्रांच्या तोडीची ठरली. त्याच वर्षी मेंदूच्या चित्रांसाठी घेतलेल्या स्पर्धेत मात्र काही प्रणालींनी मुळात नसलेल्या रचनाही काढून ठेवल्या.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगळी प्रमाणं आहेत. धूर पाहून अग्नी ओळखणारा ‘मी अग्नी पाहिला’ असं म्हणत नाही. साध्या एमआरआयमध्येही गणित असतंच. पण ते मोजलेल्याचं रूप बदलतं. इथं न मोजलेलं जोडलं जातं, आणि अनुमान प्रत्यक्षाचा वेश घेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर येतं. तेही इतरांच्या शरीरांवरून केलेलं. ज्याचं दुखणं चारचौघांसारखं, त्याचं निभावून जातं. ज्याचं दुखणं विरळा, त्याच्या अहवालात दुसऱ्याचं निरोगी शरीर उमटण्याचा धोका असतो.

मग अनुमान नाकारायचं का? नाही. रांगेत ताटकळणाऱ्याच्या रोगाला ‘जरा थांब’ म्हणता येत नाही. अनुमान करण्यात दोष नाही. ते लपवण्यात आहे. चित्र किती मोजमापावर उभं आहे, हे डॉक्टरांना ठाऊक हवं. शंका आली, तर रुग्णाला पुन्हा सावकाश तपासण्याची सोय हवी. वाचलेल्या वेळातली तेवढी मिनिटं त्याच्या हक्काची आहेत.