ज्याची जशी भूक

आजचे वाचन: १ योहान २:१२-१४



आजच्या उताऱ्यात योहान एकाच पत्रात तीन प्रकारच्या विश्वासणाऱ्यांशी बोलतो. मुलांना तो आठवण देतो की पापांची क्षमा झाली आहे आणि पिता तुमच्या ओळखीचा आहे. तरुणांना त्यांचे बळ दाखवतो, त्यांच्यात राहणारे वचन दाखवतो, सैतानावर मिळवलेला जय दाखवतो. वडीलधाऱ्यांना मात्र दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगतो: जो आरंभापासून आहे त्याची तुम्हांला ओळख आहे. बस, एवढेच. आणि इथे तो कोणालाच "तू अजून इथेच कसा?" असे विचारत नाही.

मी मात्र विचारले होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पाळकांनी तीन जणांची आत्मिक काळजी माझ्याकडे दिली. एक भाऊ चार महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. दुसरा तरुण संघात जोमाने काम करणारा. तिसरे एक काका, रिटायर झालेले, मावशी नुकत्याच प्रभूकडे गेलेल्या. मी पडलो इंजिनियर. तिघांसाठी एकच एक्सेल शीट बनवली. रोज तीन अध्याय, आठवड्याला एक वचन पाठ. झाले तर हिरवा रंग, नाही तर लाल.

नवा भाऊ एकदा म्हणाला, "देव एकच, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे कसं?" मी म्हणालो, "आधी विश्वास ठेव, प्रश्न नंतर." त्यानंतर तो दोन रविवार आला नाही, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही बाहेर पडला. मी त्याच्या ओळीपुढे 'बंद' असे लिहिले. ऑफिसात तिकीट क्लोज करतो ना, तसे.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचनात आला. पुण्यातल्या पंच हौदच्या सिस्टर्सशी ओळख झाल्यावर रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत, इतका जिव्हाळा. पण रमाबाईंचे प्रश्न थांबेनात, त्रैक्याचाही प्रश्न त्यात होताच. सिस्टरना त्यात गर्व दिसला, आज्ञाभंग दिसला. रमाबाईंनी कळवले की एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र ते प्रश्न ऐकून घेतले आणि धीराने उत्तरे लिहिली.

पुढे १९०७ मध्ये रमाबाईंनी आपल्या साक्षीत मान्य केले की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्म सापडला होता, पण ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी आठेक वर्षे गेली. तोवर शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले होते. म्हणजे विधवा मुलींना आसरा देणारी ही बाई स्वतः अजून शोधतच होती! त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. त्यांच्या नावापुढे कोणी 'बंद' लिहिले असते तर?

सिस्टर जेराल्डिन यांचे प्रेम खोटे नव्हते. माझेही नव्हते. पण बाळाने "हे काय?" असे विचारले की आई त्याला बंडखोर म्हणत नाही. बाळ वाढतेय, म्हणूनच विचारतेय. पौलानेही करिंथकरांना आधी दूधच पाजले (१ करिंथ ३:२). आणि वाढवणारा देव आहे, आपण फक्त पाणी घालणारे, हे त्याच अध्यायात आहे. मी पाणी घालायचे सोडून रोज रोप उपटून मुळे मोजत होतो.

शीट मी डिलीट केली. तरुण भावाला आता वाचनाचा हिशेब मागत नाही, संडे स्कूलचा एक वर्ग त्याच्या हाती दिला आहे. लढाईचे वय आहे, लढू दे. काकांकडे गुरुवारी जाऊन नुसता बसतो. ते मावशींबद्दल बोलतात, मध्येच डोळे मिटून प्रार्थना करतात. खरं सांगू? तिथे शिकणारा मीच असतो.

आणि तो भाऊ? त्याला फोन करून माफी मागितली. तो अजून चर्चला येत नाही. पण महिन्यातून एकदा कॅम्पात चहाला भेटतो. प्रश्न तसेच आहेत. काहींची उत्तरे मला येत नाहीत, आणि आता मी ते त्याला सांगतो. मागच्या वेळी निघताना म्हणाला, "पुढच्या वेळी योहानाचं शुभवर्तमान घेऊन ये, सोबत वाचू."

मननासाठी: देवाने तुमच्या हाती कोणाला दिले आहे? त्याची आज कसली भूक आहे, हे तुम्ही त्याला विचारले आहे का?

प्रार्थना: हे प्रभू, थोमाला तू हाकलून दिले नाहीस, जखमा दाखवल्यास. तुझा तो धीर मला दे. ज्याला मी 'बंद' लिहिले, त्याला तू सोडले नाहीस, म्हणून तुझे आभार. येशूच्या नावात मागतो. आमेन.