बागेतील रोषणाई आणि पाखरांची झोप

संतसज्जनहो, यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि कार्तिकीची पंढरी हुकली. घरात मन लागेना. तेव्हा धुळ्याहून जळगावी लेकीकडे गेलो. कार्तिक शुद्ध एकादशीस तेथे श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा उत्सव. चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांची चपळाई पाहिली, रामराया डोळे भरून पाहिला, आणि चुकल्या वारीची हुरहुर थोडी शमली.

दुसऱ्या दिवशी सांजेला नातू हात धरून म्हणाला, "आबा, बागेतली लाइटिंग पाहायला चला ना!" हरिपाठ आटोपून निघालो. काय सांगावे, माउली! झाडाझाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा. दिव्यांचे मोर, दिव्यांच्या कमानी. कारंज्याचे पाणी घटकेत तांबडे, घटकेत निळे. पोर नाचू लागले, आणि खोटे कशाला बोलू, मीही रमलो. डोळ्यांना सुख झाले म्हणजे परमार्थ बुडाला, असे मानणाऱ्यांतला मी नव्हे. विटेवरचे रूप पाहून डोळे निवावेत म्हणून जो महिना महिना चालतो, त्याने डोळ्यांना पापी का म्हणावे?

दहा वाजत आले. तरी वडावर साळुंक्यांचा कलकलाट चालूच. झाडलोट करणारी एक म्हातारी वर पाहत म्हणाली, "रातभर असंच शे, बाबा. आते पाखरे कोठे झोपतीन?"

तो प्रश्न जिव्हारी लागला. पाखरू उजेडावरून पहाट ओळखते. रात्रभर झगमगाट राहिला की त्याची झोप तुटते, ते अवेळी गाऊ लागते, असे अभ्यासकही सांगतात. आपण मात्र त्याच्या घरालाच माळ गुंडाळून टाळ्या पिटतो.

वीज आपल्याला परकी नाही. शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, तापीकाठी विजेच्या लखलखाटात मुक्ताई गुप्त झाली, हे आपण खानदेशी माणसे आईच्या मांडीवर ऐकतो. पण ती वीज क्षणाची. त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळही तेल सरले की विझते आणि रात्र पुन्हा रात्र होते. या नव्या दिव्यांना तेल सरणे नाही. ते विझवायला कोणीतरी मुद्दाम उठावे लागते, अन् उठायचा कंटाळा आपल्याला फार!

कोणी म्हणेल, चार दिवसांचा सण, पाखरे जातील दुसरीकडे. जातीलही. पण आपल्या उशाशी चार रात्री कोणी नगारा बडवला, तर आपण काय म्हणू? उलट, लेकरांचा आनंद हिरावून भूतदया साधणार असेल, तर तीही कोरडीच. 'दिवे लावूच नका' हे माझ्या तोंडून निघेना. कमानींवर लावा, कारंज्यावर लावा. झाड तेवढे मोकळे ठेवा, आणि माणसे परतली की बंद करा. इतके तरी मागावे म्हणून रखवालदाराकडे गेलो. तो म्हणाला, "महाराज, बटण माझ्या हाती नाही."

घरी आलो, तर दारातल्या कडुनिंबावर माळ लुकलुकत होती. पाडव्याला ती चढवताना शिडी धरून मीच उभा होतो की! जावईबापू झोपले होते. बटण दाराशेजारीच होते. नातवाचा हात पुरेना, म्हणून त्याला उचलून घेतले.