सहासष्ट जणांचे ऋण

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अग्निशमन केंद्रांवर मानवंदना दिली जाते, स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि २० एप्रिलपर्यंतच्या आठवड्यात लोकांना आगीपासून बचावाचे धडे दिले जातात. महाराष्ट्रात हाच दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा असल्याने त्या मोठ्या उत्सवाच्या गजरात ही दुसरी आठवण पुष्कळांच्या कानांवर पडतही नाही. वास्तविक जिच्यामुळे हा दिवस देशाच्या दिनदर्शिकेत आला, ती घटना आमच्याच मुंबईत घडली. तिच्या निमित्ताने एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. दुसऱ्यांसाठी प्राण देणाऱ्यांचा गौरव केला म्हणजे त्यांचे ऋण फिटते काय?

१९४४ साली ईस्टरचा सण ९ एप्रिल रोजी आला होता. १४ एप्रिल हा त्याच पुनरुत्थान-सप्ताहातील शुक्रवार. आदल्याच शुक्रवारी भाविकांनी क्रुसाच्या वाटेची भक्ती केली होती. दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकिन' नावाचे मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी कराचीहून येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या कोठारातून धूर निघत असल्याचे लक्षात आले. खलाशी, गोदीतले बंब आणि पाण्यावरच्या अग्निशामक नौका यांनी मिळून नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले. परंतु आग नेमकी कोठे धुमसते आहे याचा पत्ता लागेना. उष्णतेने ते पाणीच उकळू लागले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्या हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळता कापूस आणि तापलेले लोखंड वस्त्यांवर कोसळले. सुमारे ऐंशी हजार माणसे बेघर झाली. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. युद्धकाळातील निर्बंधांमुळे या अनर्थाची बातमी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वार्ताहरांना धाडताही आली नाही. शहर आपल्या मृतांना मूठमाती देत होते; देशाला मात्र उघडपणे शोक करण्याचीही मुभा नव्हती.

त्या मृतांमध्ये अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे.

या ६६ जणांविषयी बोलताना कोणी म्हणेल की ते तर त्यांचे कामच होते. त्यासाठी त्यांना पगार मिळत होता. हा आक्षेप आम्हांला वरवरचा वाटतो. पगाराने माणसाचे श्रम विकत घेता येतात, प्राण नव्हे. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाला तो घायाळ वाटसरू प्रवासात अवचित भेटला. बंबवाला मात्र घायाळ माणूस भेटणारच हे जाणून रोज त्या वाटेवर उभा असतो. ज्यांना संकट येणार आहे त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात. तरीही आपण त्यांच्याकडे जाऊ असा शब्द त्याने आधीच देऊन ठेवलेला असतो. शेजारप्रीतीची जी शिकवण आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली, ती या माणसांनी आपल्या रोजच्या पाळीचे काम म्हणून पाळली.

येथपर्यंत कोणाचा मतभेद होईल असे वाटत नाही. प्रश्न याच्या पुढचा आहे.

स्फोटानंतर सरकारने चौकशी केली. आगीचा उगम बहुधा कापसात झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. चौकशीत दिसून आलेल्या चुका अशा: कापूस दारूगोळ्याखाली रचला होता, धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटा जहाजावर नव्हता, स्फोटके उतरवून घेण्यात दिरंगाई झाली, आग कोंडण्यासाठी वाफेचा उपयोग केला गेला नाही, आणि शहराच्या अग्निशामक दलाला वर्दी देण्यास उशीर झाला. ही यादी वाचताना मन अस्वस्थ होते ते अशासाठी की, तीत कोठेही खलपुरुष नाही. कोणी दुष्टपणे आग लावली नाही. प्रत्येकाने काहीतरी करावयाचे राहून जाऊ दिले, इतकेच.

पवित्र मिस्साच्या आरंभी आम्ही ज्या पापांची कबुली देतो, त्यांत केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचाही उल्लेख असतो. तो शब्द ओठांवरून फार चटकन निघून जातो. कोणाला मारले, कोणाचे चोरले, हे माणसाला आठवते. परंतु काय करावयाचे राहिले हे सहसा आठवत नाही, कारण त्याची खूण मागे उरत नाही. व्हिक्टोरिया गोदीत ती खूण उरली. अनेकांच्या राहून गेलेल्या कर्तव्यांची किंमत आपले कर्तव्य न चुकवणाऱ्या ६६ जणांनी भरली.

म्हणूनच नुसत्या गौरवात एक धोका आहे. 'हुतात्मा' हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न विचारणे अशोभनीय वाटू लागते. त्यांना तेथे का जावे लागले, त्यांना वेळीच का कळवले नाही, या विचारणेवर फुलांचा एक थर बसतो. पिलाताने लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतले. पुष्पचक्र वाहणारे हातही नकळत तेच करीत नसतील ना, अशी शंका आमच्या मनात येते. ख्रिस्ताच्या बलिदानाने जगाचे तारण झाले ही आमची श्रद्धा आहे. म्हणून त्याला क्रुसावर देणारा न्याय योग्य होता असे कोणी ख्रिस्ती माणूस म्हणत नाही.

यावर असेही विचारले जाईल की, आग टाळता आली असती असे म्हटले तर त्यांचे मरण व्यर्थ ठरत नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. आग कोणाच्या हयगयीने लागली यावर आत शिरणाऱ्याच्या धैर्याचे मोल अवलंबून नसते. ते मोल सर्वस्वी त्याचे आहे. हयगय तेवढी आमची आहे.

ही केवळ जुनी गोष्ट असती तर हा प्रपंच केला नसता. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली आणि ती विझवली जात असतानाच इमारत कोसळली. त्या दुर्घटनेत संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी गेले. १९४४ च्या जवानांचे स्मारक ज्या दलाने जपले, त्याच दलाची ही माणसे.

मग ऋण फेडावे कसे? प्रायश्चित्त संस्काराने आम्हांला त्याचा क्रम शिकवलेला आहे. आधी विवेकाची तपासणी, मग पश्चात्ताप, मग कबुली आणि शेवटी पुन्हा तसे न करण्याचा निश्चय. सामूहिक स्मरणालाही हाच क्रम लागू करावा असे आम्हांला वाटते. १४ एप्रिलला आपल्या धर्मग्रामात या जवानांसाठी मिस्सा अर्पण व्हावी, हे उचितच आहे. परंतु त्याच दिवशी आपल्या सभागृहाचे मागचे दार उघडते की त्याच्याआड खुर्च्या रचल्या आहेत, हेही कोणीतरी पाहावे. सणाच्या मंडपातल्या विजेच्या तारा कोणी जोडल्या, गल्लीत उभ्या केलेल्या गाड्यांमधून बंब आत येईल काय, इमारतीच्या जिन्याखाली काय साठवले आहे, हे प्रश्न त्या दिवशीच्या प्रार्थनेचाच भाग मानावेत.

ही कामे क्षुल्लक दिसतात. लाल बावटा लावणे हेही त्या दिवशी क्षुल्लकच काम होते. ज्यांना आपण एक दिवस हाक मारणार आहोत, ते येतील यात शंका नाही. त्यांनी तसा शब्द दिलेला आहे. त्यांना विनाकारण हाक मारावी लागू नये, एवढा शब्द आपण त्यांना द्यावयास हवा.