प्रतिसाद आणि उत्तरदायित्व

उत्स्फूर्त वादनात यंत्र सहभागी झाले, तर त्यातून घडणाऱ्या संगीताचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते? वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मूलतः नैतिक आहे. अमेरिकी ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुईस यांनी १९८०च्या दशकात 'व्हॉयेजर' ही संगणकीय आज्ञावली सिद्ध केली. १९९३ साली निघालेल्या त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेत लुईस आणि सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल यांचा या आज्ञावलीशी संवाद आहे. वादकाच्या स्वरांचे ती तत्क्षणी पृथक्करण करते आणि प्रतिसाद देते. परंतु वादक थांबला तरी ती थांबतेच असे नाही. सॅक्सोफोन फुंकरीवाचून मुका असतो. या आज्ञावलीला त्या अर्थाने वाद्य म्हणता येत नाही.

मग तिला सहवादक म्हणावे काय? येथे तुळजापूरच्या परिसरातील गोंधळाचे उदाहरण उद्बोधक ठरते. संबळ-तुणतुण्याच्या साथीत नायक आख्यान लावतो. साथीदार त्याला मध्येच अडवतो, शंका विचारतो, थट्टा करतो. त्याच्या तोंडचे कित्येक विनोद पिढ्यान्‌पिढ्यांच्या साच्यांतून आलेले असतात. म्हणूनच 'यंत्र साठवलेल्या नियमांनुसार वागते, सबब ते सर्जक नव्हे', हा आक्षेप पुरेसा नाही. तो मान्य केल्यास साथीदारही बाद ठरेल. खरा भेद अन्यत्र आहे. यजमानाच्या अंगणात उभ्या असलेल्या साथीदाराच्या हाती त्या घराचा कुळाचार असतो. तो चुकला, तर त्याला तोंड दाखवावे लागते. ऐकणे ही त्याच्यापुरती जोखीम असते. यंत्र स्वर टिपते. पण त्याचे काहीच पणाला लागलेले नसते.

यामुळे यंत्राचा प्रतिसाद खोटा ठरत नाही. ध्वनी म्हणून तो खराच असतो. कृती म्हणून मात्र तो ज्यांनी त्याला बोलू दिले त्यांचा असतो. शिवाय आज्ञावली कधीही संस्कृतिनिरपेक्ष नसते. शिकागोत १९६५ साली कृष्णवर्णीय संगीतकारांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या परंपरेत लुईस आणि मिचेल हे दोघेही वाढले. मंचावर कोणी स्वामी नाही आणि कोणी सेवक नाही, ही त्या परंपरेची धारणा 'व्हॉयेजर'च्या रचनेत उतरली आहे. म्हणजे यंत्राच्या स्वातंत्र्यामागेही एका समाजाचा मूल्यनिर्णय उभा आहे.

कर्त्याच्या मृत्यूची भाषा समीक्षेत रूढ होऊन बराच काळ लोटला. संहितेचा अर्थ कर्त्याच्या हेतूपासून मुक्त करणे ही त्या भाषेची कमाई होय. पण अर्थाची मुक्ती म्हणजे कर्त्याची सुटका नव्हे. यंत्राच्या साहचर्यात हा भेद पुसला जाण्याचा धोका अधिक, कारण 'हे माझे नव्हे, यंत्राचे' असे म्हणण्याची सोय तेथे आयतीच असते. आपल्याला पूर्वी ठाऊक नसलेल्या स्वराचेही उत्तर देण्यास जो सिद्ध असतो, त्याच्याच उत्स्फूर्ततेला नैतिक अर्थ प्राप्त होतो.