नाच तिचा, हिशेब कोणाचा?

मुलीने हिपहॉप शिकावं की नाही, यावरचा वाद आता जवळपास मिटला आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरसारख्या मध्यमवर्गीय वस्तीत मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात पॉपिंग-लॉकिंग करते, तेव्हा आईवडीलच मोबाइल उंचावून चित्रण करतात. घरात ठिणगी पडते ती बारावीनंतर, ती ‘यातच करिअर करायचं’ म्हणते तेव्हा. विरोधाचं खरं कारण बेभरवशाची कमाई हे आहे. आणि कमाई बेभरवशाची राहते, कारण नाच तिचा असला तरी नाव आणि हिशेब बहुतेकदा दुसऱ्याच्या वहीत असतो.

हिपहॉपच्या जन्मकथेतही हेच घडलं. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये झालेल्या ज्या पार्टीपासून या संस्कृतीची सुरुवात मानतात, ती भरवली होती सिंडी कॅम्पबेल या मुलीने. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून तिने तिकीट लावलं: मुलींना 25 सेंट, मुलांना 50. इतिहासात ठळक झाला तो मात्र रेकॉर्ड वाजवणारा तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. आपल्याकडे सरोज खान यांनी अनेक वर्षं सहायक म्हणून घालवली; ‘तेजाब’मधल्या त्यांच्या कामानंतर फिल्मफेअरला नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कारच नव्याने सुरू करावा लागला. फुलवा खामकर जिम्नॅस्टिक्समधून आल्या, ‘बूगी वूगी’ जिंकल्या. पण त्यांची कारकीर्द उभी राहिली ‘नटरंग’मधल्या ‘अप्सरा आली’सारख्या रचनांवर. स्पर्धेने ओळख मिळते, घर चालतं ते रचनेच्या श्रेयावर.

संभाजीनगरसारख्या शहरात हा धंदा चालतो तो शिकवणी, उन्हाळी शिबिरं, स्नेहसंमेलनं, नवरात्रातला दांडिया आणि लग्नातलं ‘संगीत’ यांवर. एका संगीतासाठी पाच-सहा गाणी कापून मेडली करायची, कधी न नाचलेल्या मावशीला झेपतील अशा स्टेप्स बसवायच्या, कच्च्या भिडूला मागच्या रांगेत सरकवायचं आणि नवरीची एंट्री नेमकी समेवर आणायची. हे डोक्याचं काम आहे, आणि 1957 चा कॉपीराइट कायदाही तसंच मानतो: लेखी वा अन्य रीतीने नोंदलेली नृत्यरचना त्यात ‘नाट्यकृती’त मोडते. पण त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रचनेचा पहिला मालक नोकरी देणारा ठरतो. म्हणजे पगारावर शिकवणारी मुलगी क्लास सोडते, तेव्हा तिच्या रचना मागेच राहतात. एका पानाच्या कराराने हे बदलतं. तो मागायचा असतो, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

‘हे आपलं नाही’ हा आक्षेप फार टिकत नाही. शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यातल्या शिल्पपटात मधोमध एक नर्तकी कोरली आहे आणि तिच्या भोवतीच्या सहाही वादक स्त्रियाच आहेत. याच शहरातलं कथक-ओडिसीचं महागामी गुरुकुल पार्वती दत्ता चालवतात. शैली परकी असेल. बाईने नाचाची सूत्रं हाती घेणं इथे परकं नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा तमाशाचा फड होता, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान होता, तरी अखेरचे दिवस ओढाताणीतच गेले; मग मालकीने साधलं काय? पण फडाचं उत्पन्न रोजच्या खेळावर आणि थकणाऱ्या अंगावर उभं असतं. रचना आणि शिकवणी अंग थकल्यावरही कमावून देऊ शकतात. पदकाचाही असाच भरवसा नाही: 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये हिपहॉपमधलं ब्रेकिंग आलं, जपानच्या आमी युआसाने मुलींचं सुवर्ण जिंकलं, आणि 2028 च्या लॉस एंजेलिसच्या यादीत हा खेळ नाही. राहिला रात्रीच्या तालमींचा आणि सुरक्षिततेचा मुद्दा. ती भीती खरी आहे. मात्र क्लास जिचा, वेळापत्रकही तीच ठरवते. दुसऱ्याच्या क्लासात मुलीला ही मुभा नसते.

म्हणून ‘नाच की पदवी’ असा पेच घालण्यापेक्षा घरच्यांनी तिला व्यवहार शिकवावा: मानधन आधी लेखी ठरवणं, रचनेचं चित्रीकरण तारखेसह जपणं, कार्यक्रमपत्रिकेवर आपलं नाव मागणं. एवढं करूनही जम बसेलच याची हमी नाही. पण पुंडलिकनगरात नवं दुकान टाकणाऱ्या पोराकडेही ती हमी कोणी मागत नाही.