दुसऱ्या होडीसाठी दिवा



वादळ शांत केल्याचा प्रसंग (मार्क ४:३५-४१) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संध्याकाळ झाली आहे आणि प्रभू येशू शिष्यांना घेऊन सरोवराच्या पलीकडे निघाला आहे. गालीलला समुद्र म्हणतात खरे, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सुमारे २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून अधिक खाली आणि भोवती डोंगर. डोंगरावरून वारा खाली कोसळला की पाणी बघता बघता खवळते. १९८६ साली तिथल्या गाळात ख्रिस्तकाळातील एक होडी सापडली, ती जेमतेम आठ मीटर लांब आहे. मार्क जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्यांच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या.

असे डोंगरातले पाणी आपल्याकडे पाहायचे तर साताऱ्यातला शिवसागर पाहावा. १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाचा हा जलाशय. तापोळा, बामणोली इथून लोक लाँचने पलीकडच्या गावांना जातात. अशा पाण्यावर अंधार पडला की एका होडीला दुसरी कळते ती दिव्यावरून. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, शिवाय पांढरा. या दिव्यांनी नावाड्याला स्वतःची वाट मुळीच दिसत नाही. मी इथे आहे, माझे तोंड अमुक दिशेला आहे, एवढेच ते दुसऱ्याला सांगतात. वल्ह्याच्या लहान होडीनेही कंदील किंवा टॉर्च हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, असे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात.

समोरच्या होडीचे लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती सरळ आपल्यावर येत आहे असे समजावे. अशा वेळी इंजिनाच्या दोन्ही होड्यांनी आपापल्या उजवीकडे वळायचे असते. आधी कोण वळणार, हा प्रश्नच नाही. बांधावरून अबोला धरलेल्या भावाभावांनी हा नियम जरूर वाचावा! आमच्या पाहण्यात तरी निम्मी भांडणे अंदाजावरच चालतात. त्याच्या मनात काय आहे हे आपणच ठरवतो आणि आपल्या मनातले मात्र त्याला कळू देत नाही. घरातले कर्ज, मुलाचे व्यसन, आजारपण, सगळे झाकून ठेवतो. मग कोणी मदतीला आले नाही म्हणून रुसतो. आपला प्रकाश माणसांसमोर पडू द्या, असे प्रभूने डोंगरावर सांगितले, ते फक्त आपल्या सत्कृत्यांपुरतेच आहे का?

वज्रेश्वरीत आपल्याला होडी नसेल, पण रस्ता आहे. पावसाळ्यातल्या काळोखात मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर किंवा सायकल किती उशिरा दिसते, हे अंबाडीहून रात्री येणाऱ्यांना विचारा. चालवणाऱ्याला पुढचे सगळे दिसत असते, म्हणून तो निर्धास्त असतो. दहा-वीस रुपयांचा रिफ्लेक्टर आपण लावत नाही. तो या आठवड्यातच लावून घ्यावा.

आजच्या मिस्सामध्ये पाण्यावर पोट असणाऱ्यांसाठी, शिवसागराच्या दोन्ही काठांवरील कुटुंबांसाठी आणि ज्यांच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करू या.